आरालेझ नावाचा कुत्रा

आमच्या गावात कुत्र्याला आरालेझ हे नाव कुणी ठेवत नाही. चालो ठेवतात, बोघार ठेवतात, फारच हौस असली तर सिंह ठेवतात. आरालेझ म्हणजे आभाळातले पंखवाले कुत्रे. रणात पडलेल्या माणसाजवळ उतरायचं, त्याच्या जखमा चाटायच्या आणि त्याला उठवून बसवायचं, एवढंच त्यांचं काम. म्हणजे त्यांना बोलवायचं तर आधी घरात कुणीतरी मरून पडलेलं पाहिजे. असलं नाव दारात बांधून कोण ठेवील? माझ्या भावानं ठेवलं.

माझा भाऊ सेरोब. माझ्याहून लहान, पण आता साठीला टेकलेला. लग्न केलं नाही, मेंढ्या केल्या. मी विधवा होऊन माहेरी परत आले तेव्हापासून आम्ही दोघं एका घरात आहोत आणि त्या दिवसापासून भांडतो आहोत. त्याचं सगळं उलटं. डॉक्टरांनी साखर बंद सांगितली, तर हा गोठ्यात लपून गाता, म्हणजे आमची लोणी-साखरेची गोड भाकरी, खातो आणि दाढीला लागलेला चुरा तसाच घेऊन जेवायला बसतो.

त्या नावाची गोष्ट अशी. नव्या वर्षाला आमच्याकडे घरोघर जायचं आणि प्रत्येक घरी एकेक पेला घ्यायचा, अशी पद्धत आहे. सेरोबनं एकही घर सोडलं नाही. परतताना पाणवठ्याजवळ बर्फात आडवा झाला. आमचा शेजारी मेखाक, ट्रकवाला, त्याची कुत्री दीडेक महिन्यापूर्वी व्यालेली. तिचं एक पिल्लू कुठूनसं लुडबुडत आलं आणि सेरोबचं तोंड चाटत बसलं. चाटून चाटून त्याला उठवलं. सेरोब घरी आला तो कोटात पिल्लू घेऊनच.

"ताई," दारातच म्हणाला, "मी मेलो होतो. आरालेझ आला आणि मला उठवलं."

"मेला नव्हतास, प्यायला होतास."

"तुझ्या गळ्याची शपथ, पंख होते त्याला. दोन. पांढरे. मी पाहिले."

पंखांचा उलगडा दुसऱ्या दिवशी मेखाकनं केला. पिल्लू त्याच्या अंगणातल्या पिठाच्या फाटक्या पोत्यात अडकलं होतं आणि पोतं तसंच अंगावर घेऊन पळालं होतं. पोत्याची दोन टोकं दोन्ही बाजूंना फडफडत होती. हे सगळ्या गावानं ऐकलं आणि सगळं गाव हसलं. सेरोब मात्र ढिम्म. "पोतं तर पोतं. ऐन वेळेला आला ना?" म्हणाला आणि कुत्र्याचं नाव आरालेझ पडलं.

गावातल्या म्हाताऱ्या मला येऊन सांगून गेल्या की हे नाव बदला, घराला बरं नाही. शाळेतल्या आरुसबाईंनी वेगळंच केलं. त्या इतिहास शिकवतात. नाव ऐकून त्या खूश झाल्या आणि आमच्या ओट्यावर बसून त्यांनी कॉफीबरोबर ते नाव सोलून दाखवलं. शेवटचं 'लेझ' म्हणजे चाटणं, त्याबद्दल वादच नाही. भांडण आहे ते पुढच्या तुकड्याचं. कुणी म्हणतं ते मुळात 'यार' होतं, म्हणजे सारखं, पुन्हा पुन्हा. न थांबता चाटत राहणारे ते आरालेझ. कुणी म्हणतं नाही, तो आपला आरा राजा. देखणा आरा. त्याच्यावर परदेशची राणी शामिराम भाळली, तो नाही म्हणाला, तिनं लढाई केली आणि लढाईत तोच मेला. मग तिनं त्याला महालाच्या छपरावर ठेवलं आणि कुत्र्यांना हाका मारल्या.

"आणि ते आले, त्यांनी चाटलं आणि आरा उठला," सेरोब म्हणाला.

"उठला नाही," आरुसबाई म्हणाल्या. "प्रेत कुजायला लागलं. मग शामिरामनं एक तसाच दिसणारा माणूस शोधला, त्याला आराचे कपडे घातले आणि लोकांना लांबून दाखवला. बघा, म्हणाली, उठला तुमचा राजा. लोक घरी गेले. लढाई थांबली."

सेरोबला ते अजिबात आवडलं नाही. "शामिराम परकी बाई. तिच्या हाकेला आपले कुत्रे कशाला येतील?" एवढं म्हणून तो मेंढ्यांकडे गेला. मी दोघांनाही ऐकू जाईल असं म्हटलं, नाव काहीही असो, तुमचा आरालेझ माझ्या मुदपाकातून काल रात्रीचं मटण चाटून गेला आहे, त्याचं आधी काय ते बघा.

त्या कुत्र्याचं आणि माझं कधी जमलं नाही. घालायचं ते मी घालायची, पण तो माझ्याकडे कधी बघायचा नाही. सेरोब उठला की उठायचा, सेरोब बसला की बसायचा. उन्हाळ्यात दोघं मेंढ्यांबरोबर डोंगरातल्या वरच्या छावणीवर असायचे, तेव्हा मला घर मोकळं मोकळं वाटायचं आणि दोन दिवसांनी करमायचं नाही.

मग एका वर्षी शरदात मेंढ्या खाली आल्या तेव्हा सेरोब किंचित लंगडत होता. विचारलं तर म्हणाला, नवे बूट आहेत. कुत्रा मात्र एकसारखा त्याच्या उजव्या पायाशी. सेरोब बसला की ह्याची जीभ बाहेर. मोज्यावरून चाटायचा, मोजा ओला करायचा. मी ओरडायची. सेरोब म्हणायचा, "असू दे गं, प्रेम आहे त्याचं."

मग लवाश, म्हणजे आमच्या पातळ लांबट पोळ्या, भाजायचा दिवस आला. शेजारणी जमल्या होत्या, तोनीर, जमिनीत पुरलेली आमची मातीची भट्टी, चांगला पेटला होता. सेरोब थंडी वाजते म्हणून कडेला येऊन बसला आणि पाय तोनीरच्या तोंडाशी पसरले. आम्ही आपल्या लाटतोय, भिंतीला थापतोय, बोलतोय. लोकर जळल्याचा वास आला. बघते तर सेरोबच्या मोज्याला भोक पडून धूर निघतोय आणि हा शांतपणे गरम लवाशमध्ये चीज गुंडाळून खातोय.

"सेरोब, पाय."

"काय झालं पायाला?"

मी त्याचा पाय ओढला, मोजा खेचून काढला. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं. तळव्याला भोक होतं, त्याच्या कडा पांढऱ्या, आत काय होतं ते मी सांगत नाही.

"हे कधीपासून?"

"छावणीवर असल्यापासून. आता बरं होत आलंय. आरालेझ रोज चाटतो ना."

"दुखत नाही तुला?"

"तेच तर सांगतोय. बरं झालंय म्हणूनच दुखत नाही."

माझ्या हातातलं लाटणं मी त्याच्या डोक्यात कसं घातलं नाही, ते मलाच माहीत. साखरेनं पायातली जाणीव गेली की जळलं, कापलं, काहीच कळत नाही, हे डॉक्टरांनी त्याला किती वेळा सांगितलं होतं. पण त्याच्या डोक्यात बसलं होतं ते कुत्र्याचं नाव. नाव आरालेझ, म्हणजे चाटलं की बरं होणारच. हसायचं की रडायचं ते मला कळेना, म्हणून मी मेखाकला हाक मारली आणि ट्रक काढायला सांगितला.

ट्रकचं नाव ऐकताच सेरोब उठला आणि शिडी लावून गोठ्याच्या छपरावर चढला. मातीचं सपाट छप्पर, वर गवताची गंजी. गंजीला टेकून बसला. कुत्राही मागोमाग वर.

"सेरोब, खाली ये."

"नाही येत. पूर्वी जखमी माणसाला छपरावरच ठेवायचे. विचार आरुसबाईंना."

"जखमी नाही, मेलेल्या माणसाला ठेवायचे."

"मग मेल्यावर परत चढायचे कष्ट वाचले."

खाली लोक जमले. मेखाक ट्रकला टेकून सिगारेट ओढत होता आणि मधूनमधून म्हणत होता, "सेरोब, अरे मला बटाटे न्यायचेत, काय ते लवकर ठरव." आरुसबाई आल्या. त्यांनी मान वर करून शाळेतल्यासारखं विचारलं, "सेरोब, आराचं काय झालं? सांग बरं, चाटून उठला का तो?"

"त्याला साधे कुत्रे आले असतील, बाई."

लोक हसले. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "मी शिडी काढून घेते. बस मग वर. जेवण नाही, कॉफी नाही. बघू किती दिवस चाटतो तुझा देवदूत."

आणि मी खरंच शिडी काढली. तो वर बसून गाणं म्हणायला लागला. मी खाली लवाशची रास आवरत होते. मग गाणं थांबलं. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, अगदी बारीक.

"ताई, थंडी वाजतेय गं. फार वाजतेय."

ऊन चांगलं होतं. मेखाकनं सिगारेट टाकली आणि माझ्याआधी शिडी लावली. आम्ही त्याला खाली उतरवलं तेव्हा त्याचं अंग तोनीरच्या भिंतीसारखं तापलं होतं. मी भांडणं सगळी विसरले. माझी तेव्हा पाचावर धारण बसली, हे कबूल करायला मला लाज नाही. आई गेली, वडील गेले, नवरा गेला. हा एकच उरला होता, आणि त्यालाही मी शिडी काढून वर बसवलं होतं.

ट्रक निघाला. कुत्रा मागे धावत पुलापर्यंत आला. आरशात मला दिसला, पुलावर उभा राहिलेला. मग वळण आलं.

ग्युमरी शहरातल्या हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टरीण होती, नाझेली नावाची. ती फार बोलली नाही. पाय बघितला, दाबला, फोटो काढायला लावले आणि मला बाहेर घेऊन म्हणाली, "मावशी, बोट काढावं लागेल. उद्या सकाळी काढलं तर बोटावर भागेल असं वाटतंय. अजून दोन-तीन दिवस गेले तर गुडघ्याखालून. त्याच्याही पुढे गेलं तर मग पायाचा प्रश्न उरणार नाही."

मी ते सेरोबला सांगितलं. सलाईन लावून पडला होता, ताप थोडा उतरला होता, म्हणजे जिभेला धार आली होती. म्हणाला, ऑपरेशनच्या कागदावर सही करणार नाही. बोटासकट आलो, बोटासकट जाईन. डॉक्टरीण समजावून थकली, नर्स थकली. मी रागावले, मग रडले. रडलेलं पाहून तो भिंतीकडे वळला. तिकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "एका अटीवर. आधी आरालेझला बघीन. त्याला इथे आण. वर नको, खाली अंगणात. मी खिडकीतून बघतो. मग काय कापायचं ते कापा."

"कुत्र्याला बघून काय होणार आहे?"

"मी असा न सांगता निघून आलो. उद्या झोपेचं इंजेक्शन देतील आणि मी उठलोच नाही तर?"

हे मात्र तो चेष्टेनं बोलला नाही. मी म्हटलं, आणते.

मेखाकचा ट्रक बटाटे उतरवून परत निघतच होता. गावात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. कुत्रा दारात नव्हता. गोठ्यात नव्हता, छपरावर नव्हता. पुलाखाली बघितलं, खाणीत बघितलं, पाणवठ्यावर बघितलं. मी माझ्या जन्मात त्या नावानं हाक मारली नव्हती, पण त्या संध्याकाळी गल्लीगल्लीतून "आरालेझ, आरालेझ" करत फिरले. म्हाताऱ्या दारात येऊन छातीवर क्रूस काढायला लागल्या. त्यांना वाटलं, सेरोब गेला आणि ही त्याच्यासाठी हाका मारतेय. कुत्रा कुठेच नव्हता. माझ्या मनात आलं, लांडग्यांनी खाल्ला असेल, नाहीतर हमरस्त्यावर गाडीखाली आला असेल. सेरोबला हे सांगितलं की तो सही करायचा नाही.

मेखाकच्या अंगणात त्याचा चालो झोपला होता. आरालेझचा सख्खा भाऊ, एकाच कुत्रीचा. तेवढाच थोराड, तसाच पिवळट. फरक एकच, आरालेझचं तोंड सगळं काळं आणि चालोच्या नाकाडावर पांढरा पट्टा. बाकी गुणांचं विचारू नका. चालो चोर, खादाड आणि ढगांच्या गडगडाटाला घाबरून चुलीमागे लपणारा. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. मेखाक माझ्याकडे बघत राहिला.

"नाही, ताई," तो म्हणाला.

"दुसऱ्या मजल्यावरून बघणार आहे तो. चष्माही घरी राहिलाय."

"सेरोबला मेंढी पाठमोरी दिसली तरी कुणाची आहे ते कळतं. कुत्रा नाही कळणार?"

"ताप आहे त्याला. तू दोरी आण."

सकाळी तोनीरमधली काजळी काढून मी तेलात कालवली आणि चालोचं नाकाड रंगवलं. चालोला तेल आवडलं. मी लावायची आणि तो चाटायचा. पुन्हा लावायची, पुन्हा चाटायचा. आरुसबाई शाळेत जाता जाता कुंपणाशी थांबल्या. थोडा वेळ बघितलं.

"हायकानुश," म्हणाल्या, "हे तू शामिरामचं काम चालवलंयस."

"तिला जमलं ना? मग मला का जमू नये?"

"तिला राज्य सांभाळायचं होतं."

"मला भाऊ सांभाळायचाय. बाई, त्याची मान जरा धरता का?"

आणि आमच्या आरुसबाईंनी शाळेची पिशवी खाली ठेवून चालोची मान धरली. ह्या गोष्टीसाठी मी त्यांचे उपकार विसरणार नाही.

हॉस्पिटलच्या अंगणात गुलाबाची झाडं होती आणि एक बाक. खिडकीत सेरोब नर्सचा हात धरून उभा होता, अंगात तो हॉस्पिटलचा निळा झगा. इतका लहान दिसत होता की मी क्षणभर ओळखलंच नाही. मेखाकनं चालोला पुढे आणलं. मी खिशात सॉसेजचा तुकडा ठेवला होता. तो मेखाकच्या खांद्याशी धरला, म्हणजे चालोची मान वर राहील आणि तो खिडकीकडे बघतोय असं वाटेल. सेरोबनं शीळ घातली. ती शीळ ऐकली की आरालेझ दोन डोंगर ओलांडून येतो. चालोनं सॉसेजवरची नजर काढली नाही. पुन्हा शीळ. ह्या वेळी चालो वळला, शांतपणे गुलाबाच्या झाडापाशी गेला आणि तंगडी वर केली.

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, संपलं.

डोळे उघडले तेव्हा सेरोब अजून बघत होता. कुत्र्याकडे नाही, माझ्याकडे. बराच वेळ. मग त्यानं हात वर केला, जसा ट्रक सुटताना मेखाकला करतो तसा, आणि आत वळला. थोड्या वेळानं नर्स खिडकीतून ओरडली, "मावशी, सही केली. आत नेतोय."

ते सगळं होईपर्यंत मी त्या बाकावर बसून होते. मेखाकनं कॉफी आणली, ती थंड झाली. चालो माझ्या पायाशी घोरत होता. प्रार्थना करायची म्हटलं तर शब्द आठवेनात. मी मनातल्या मनात सेरोबशी भांडत राहिले. गाता कुठे लपवतोस ते मला माहीत आहे, म्हटलं, खा एकदाचा, पण बाहेर ये. मग दार उघडलं आणि डॉक्टर नाझेली स्वतः आली. तिच्या तोंडावरचा मास्क गळ्यात उतरवलेला होता, आणि ती हसत होती.

"एकच बोट गेलं, मावशी. पाय राहिला. स्वच्छ केलाय सगळा. साखर सांभाळली तर बर्फातही चालेल."

माझा जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी त्या पोरीला मिठी मारली आणि गदगदा रडले. सोडलं तेव्हा तिच्या पांढऱ्या कोटावर माझ्या दहा बोटांची काजळी उमटली होती. तिनं कोटाकडे बघितलं, मग कुत्र्याच्या अर्ध्या काळ्या नाकाडाकडे बघितलं. एका शब्दानं काही विचारलं नाही. शहाणी मुलगी.

दुसऱ्या दिवशी मी सूप घेऊन गेले. सेरोब उशीला टेकून बसला होता. चेहऱ्यावर रंग होता. अर्धा वाडगा संपवला आणि सहज विचारल्यासारखं म्हणाला, "चालोला काही खायला घातलंस का काल? का नुसताच सॉसेज दाखवून आणलास आणि नेलास?"

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"कधी कळलं?"

"खिडकीशी आलो तेव्हाच. आरालेझ असता तर दोरी धरून मेखाक उभा नसता, मागून फरफटत आला असता."

"मग सही का केलीस?"

त्यानं वाडगा ठेवला. माझा हात हातात घेऊन उलटा केला. नखांच्या कडांना काळं अजून होतंच, ते निघत नाही लवकर. "खिडकीतून आधी हे दिसले," म्हणाला. "दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. मी म्हटलं, आमची ताई, जी कुत्र्याला कधी हात लावत नाही, ती ह्या वयात त्या चोराला तोंड रंगवून ट्रकमध्ये घालून घेऊन आली. माझ्या एका बोटासाठी. एवढं कोण करतं गं? मग वाटलं, बोटाचं काय एवढं."

तो पुढे म्हणाला, "आणि शामिरामचं सांगू का? त्या लोकांनाही कळलं असणार. डोळे होते त्यांना. पण बाई इतकी रडलीये, इतकं करतेय, म्हणून म्हणाले असतील, हो बाई, हाच आमचा आरा. आणि गेले घरी." मग त्याचा आवाज बदलला. "ताई, खरं सांग. माझा कुठाय?"

मी खरं सांगितलं. पुलाचं, खाणीचं, हाका मारल्याचं, सगळं. लांडग्यांचं मात्र सांगितलं नाही. मला वाटलं आता हा कोसळणार. पण तो विचार करत बसला आणि मग कपाळावर हात मारून घेतला.

"वरच्या छावणीवर बघितलंत?"

"वर? वर कशाला जाईल? वर आता कोण आहे?"

"अगं, मी मेखाकच्या ट्रकमध्ये बसून जातो कुठे? वसंतात छावणीवर. दुसरीकडे कधी गेलोय का त्या ट्रकमधून? मला ट्रकमध्ये बघितलं, म्हणजे त्याच्या हिशेबानं मी वर गेलो."

मेखाक त्याच दिवशी वर गेला. वर पहिला बर्फ पडला होता, ट्रक अर्ध्यात सोडून चालत जावं लागलं. मी फाटकाशी उभी होते. ट्रकचा आवाज आला, थांबला, आणि मागच्या फळीवरून आरालेझ उतरला. पोट खपाटीला गेलं होतं, पाठीवर बर्फ होता. तोंडात सेरोबचा जुना बूट होता, उन्हाळ्यातला, छावणीवर टाकून आलेला. मेखाक म्हणाला, रिकाम्या झोपडीच्या दारात ह्या बुटावर हनुवटी ठेवून बसला होता, जवळ गेलो तर गुरगुरला, बूट घेऊन यायचं कबूल केलं तेव्हा ट्रकमध्ये चढला. बुटाचा तळ त्यानं चावून चावून पातळ केला होता. मी तो हातात घेऊन फिरवला तर बोटाला टोचलं. आतून खिळ्याचं टोक वर आलेलं होतं, अंगठ्याच्या खालीच. सेरोब उन्हाळाभर त्यावर चालला होता. कुत्र्याला माहीत होतं, आम्हाला नव्हतं.

मी फाटकातच त्याच्यापुढे उकडलेलं मटण ठेवलं, घरातलं ताट काढून. खाऊन झाल्यावर तो माझ्याकडे बघून शेपूट हलवील असं मला उगीचच वाटलं होतं. त्यानं आधी गोठा हुंगला, मग छप्पर, मग सेरोबची खोली, आणि दाराशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसला.

सेरोब घरी आला तेव्हा गाव जमलं होतं. काठी टेकत तो ट्रकमधून उतरला. कुत्रा अंगावर झेपावला नाही. हळूहळू आला, त्याला सगळीकडून हुंगलं आणि बँडेजपाशी थांबला. मी झाडू घेऊन तयारच होते.

"जीभ बाहेर काढलीस तर बघ," मी म्हटलं. "डॉक्टरांनी सांगितलंय, पाण्याचा थेंब लागता कामा नये."

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. मग बँडेजजवळ, पण न शिवता, खाली बसला. लोक हसले. आरुसबाईंनी विचारलं, "काय सेरोब, बदलणार का आता कुत्र्याचं नाव? म्हाताऱ्या विचारताहेत."

"माझं काय जातंय," सेरोब म्हणाला. "ताईला विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "घरात कुणी मेलं नाही. नाव राहू दे." आणि लोकांना कॉफी करायला आत वळणार, तेवढ्यात माझ्या हाताला काहीतरी ओलं आणि खरखरीत लागलं. आरालेझ उठून माझ्याकडे आला होता. माझ्या नखांच्या कडांतली काजळी, जी साबणानं निघाली नव्हती, ती तो एकेक बोट करून चाटत होता.

एरवी मी त्याला हाकललं असतं. तो पाचही बोटं चाटून होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले, आणि मग दुसरा हात पुढे केला.